शिडीवरचं नाव

धुळ्यातल्या देवपुरात आपल्या ‘मोहिनी केबल’च्या गल्ल्यावर बसून प्रकाश दिवसभर एकाच माणसाच्या नावाने बोटं मोडायचा. तो माणूस म्हणजे तेजस. दोघं एकाच बाकावर शिकले, एकाच शिडीवर चढून घरोघरी केबल ओढली. मग तेजसने कंपनी काढली, तीही म्हणे चौकातल्या गाड्यांचे नंबर वाचणाऱ्या कॅमेऱ्यांची! प्रकाश पोट धरून हसला होता. "आठे आपला गावम्हा निम्म्या पाट्या मराठीम्हा. तुना कॅमेरा येडा व्हई जाई!" पठ्ठ्याने ते मनावर घेतलं आणि कॅमेऱ्याला मराठी अक्षरं शिकवली.

आता नरडाण्याला कारखान्याच्या फाटकावर तेजसचा कॅमेरा, जळगावला ऑफिस. लग्नाच्या पंगतीत लोक विचारायचे, "तेजस तुमचा दोस्त ना?" आणि प्रकाश पान अर्धवट टाकून उठायचा. मराठी अक्षरांची अक्कल कुणाची होती? प्रकाशचीच! तेजसने त्याला कामाला बोलावलंही होतं. "तुना हाताखाले? मी? नही रे बाप्पा!"

मे महिन्यात धुळ्याच्या एका चौकात महापालिकेने चाचणी लावली. कॅमेरा नीट चालला तर शहरातले सगळे चौक तेजसला, नाही तर त्याचा बोऱ्या. प्रकाशला बोऱ्याच हवा होता.

भर दुपारी कुत्रंही सावली सोडत नव्हतं, तेव्हा तोंडाला रुमाल गुंडाळून, शिडी खांद्यावर टाकून तो चौकात आला. शिडीवाल्याला कोण हटकतो? खांबावर चढून त्याने कॅमेऱ्याचं तोंड निंबाच्या झाडाकडे फिरवलं. "वाच आता पाला," म्हणाला, आणि घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सकाळी तेजसचा फोन आला. "प्रकाशभाऊ, साहेबस्नी मीटिंग शे. शिडी लई ये."

प्रकाश शिडी घेऊन महापालिकेत साहेबांच्या दारात पोहोचला. मोठ्या पडद्यावर तोच चौक, तोच रुमालवाला. त्याच्या खांद्यावरच्या शिडीभोवती हिरवी चौकट, आणि खाली कॅमेऱ्याने वाचलेली अक्षरं: मोहिनी केबल, देवपूर. शिडी चोरीला जाऊ नये म्हणून बायकोनेच ती ऑइलपेंटने लिहिली होती, भांड्यांवर नाव घालतात तशी.

"कॅमेऱ्याला हात लावणाऱ्याचाही पत्ता सांगतो की!" साहेब खूश झाले. मग दारातल्या शिडीकडे त्यांची नजर गेली. "हे कोण?"

"आमचाच माणूस, साहेब," तेजस म्हणाला. "मीच पाठवला होता, कॅमेरा पकडतो का बघायला."

सगळे हसले. कंपनी पास झाली. बेड्या पडल्या असत्या, तर प्रकाशला निदान मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या.

बाहेर तेजसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सोमवारपाईन ये. शहरना बठ्ठा चौकम्हा कॅमेरा तूच लाव."

त्याच्या चेहऱ्यावर कुठे खवचटपणा दिसतो का, हे प्रकाशने डोळे फाडून पाहिलं. मेला, तोही दिसेना. प्रकाश आतून जळून कोळसा झाला.

मग त्याने शिडी खांद्यावर घेतली आणि विचारलं, "पहिला चौक कोनता?"