काजळीचा पुरावा

सकाळी सकाळी मी थोरल्या पोराला म्हटलं, "गोठ्याची मागची भिंत मोकळी कर. तिथं चूल मांडायचीय."

"घरात आहे की एक."

"म्हणून तर दुसरी पाहिजे."

"गायींना शिजवून घालणार का आता?"

एवढ्यावरून भांडण जुंपलं. माझा थोरला अंगाने रेड्यासारखा, आणि डोक्यानेही त्याच गोत्रातला. त्याला एक गोष्ट चार वेळा सांगावी लागते आणि पाचव्यांदा वाटतं, आपणच उठून केली असती तर जेवणवेळ झाली नसती. शेवटी मी कुदळ उचलली तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. "नळासाठी होय?" म्हणाला. नळासाठी नाही तर काय हौस म्हणून?

झालं होतं असं, की आमच्या गावात नळ येणार होते आणि ते आणणारा जो माणूस, त्याला त्याच्या संस्थेत प्रमुख म्हणतात, आम्ही नळभाऊ म्हणायचो. तो आमच्या भागात समाजाचा विकास करतो. म्हणजे नेमकं काय करतो ते मला सांगता येणार नाही, मी दुसरीतून शाळा सोडलेली. पण तो आल्यापासून दूध गोळा करायची शेड झाली, शाळेमागे मुतारी झाली आणि बायकांच्या बैठका इतक्या झाल्या की माझे गुडघे कायमचे आखडले. शिवाय तो संशोधन करतो. कशावर, तर कुटुंबाच्या कायद्यावर. कुटुंब कशाला म्हणायचं, कोण कोणाचं, कोणाला घराबाहेर काढता येतं, कोणाला येत नाही. खांद्याला पिशवी आणि पिशवीत दोन वह्या, हिरवी नळाची आणि तांबडी संशोधनाची.

पहिल्याच बैठकीत त्याने सांगितलं, "एका कुटुंबाला एक नळ. आणि कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं."

मी विचारलं, "तुमची चूल कुठंय?"

"मी एकटाच, आजी. खानावळीत जेवतो."

"मग तिथले चाळीस ट्रकवाले तुमचे सख्खे भाऊ की हो!"

बायका फिदीफिदी हसल्या. नळभाऊ हसला नाही. त्याने तांबडी वही काढून माझं बोलणं लिहून घेतलं. तेव्हाच मी ओळखलं, हा माणूस साधा नाही. एकतर फार शहाणा आहे नाहीतर ठार वेडा.

मग काय, आठवड्यात गावात चुलीच चुली. बापलेक वेगळे झाले. लोहाराचे दोघे भाऊ दहा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, त्यांना बसल्या जागी दोन नळ मिळणार म्हणून लोक त्यांच्याकडे हेव्याने बघायला लागले. न्हाव्याने दुकानात चूल मांडली आणि बायको वेगळी राहते असं लिहून दिलं. बायकोला ते तिसऱ्या माणसाकडून कळलं. ती पळी घेऊन दुकानात आली तेव्हा एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर पळालं.

पण नळभाऊ भिंतीला बोट लावून बघायचा. चुलीवरच्या भिंतीवरून बोट फिरवायचं, ते उजेडात धरायचं, नाकाशी न्यायचं. "ही चूल कोरी आहे," म्हणायचा आणि नाव खोडायचा. न्हाव्याने भिंतीला काजळ फासून ठेवलं, तर बोटाला तेल लागलं. नळभाऊ म्हणाला, "महिन्याने परत येतो."

आता खरी काजळी धरायची तर महिनाभर खरंच शिजवायला पाहिजे. थोरली सून माहेरच्या मोठेपणाने फुगलेली, ती काही शेणाच्या वासात बसणार नाही. राहिली धाकटी. खरं सांगते, तिला निवडलं ते तिचं काही ऐकून घ्यावं लागत नव्हतं म्हणून. धाकटा माझा तीन वर्षांपूर्वी शहरात कामाला गेला आणि तिथं त्याने दुसरं घर केलं. लोकांना मी सांगायची, कामातून सवड मिळत नाही. लोक मान डोलवायचे आणि पाठ वळली की तोंडाला पदर लावायचे. धाकटी तेव्हापासून एकटी कालव्याकडचा तुकडा कसत होती, नांगरापासून मळणीपर्यंत. आठ वर्षांची एक पोरगी, तेवढीच तिच्या हाताशी.

मी हुकूम सोडला, "उद्यापासून तुझं आणि पोरीचं गोठ्यात शिजव. ओली लाकडं घे, धूर दांडगा होतो."

"महिनाभरच ना, सासूबाई?" तिने विचारलं.

"नाहीतर काय जन्मभर?"

ती खाली मान घालून लाकडं निवडायला लागली. मला वाटलं, घाबरली.

कशाची घाबरते! चौथ्या दिवशी गोठ्यातून हसू ऐकू यायला लागलं. आधी पोरीचं, मग हिचं. हिला हसता येतं हे मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं. इकडे घरात थोरली कांदे चिरताना पाट आपटायची, थोरला ताटावर बसून माशा मारायचा आणि मी मधे खांबासारखी. तिकडून मला कोणी बोलावलं नाही. मी कशाला जाते?

महिन्याने नळभाऊ आला. बोट फिरवलं, काळंभोर निघालं. नाकाशी नेलं तर त्याला खोकलाच आला. "चूल चालू आहे," म्हणाला. हिरव्या वहीत लिहिलं: कुटुंबप्रमुख धाकटी, सोबत मुलगी, राहणं वेगळं, कालव्याकडचा तुकडा स्वतः कसते. थोरल्याने खाली सही केली. एका घराला दोन नळ म्हणून त्याला इतका आनंद, की वाचलं नाही, नुसती जीभ बाहेर काढून नाव गिरवलं. मग नळभाऊ तांबडी वही घेऊन धाकटीच्या चुलीपुढे तासभर बसला. एवढं काय विचारत होता देव जाणे. मला तर तिला विचारण्यासारखं काही सुचलं नव्हतं कधी.

नळ आले. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "धाकटे, मोड ती चूल. ये घरात."

ती म्हणाली, "सासूबाई, काजळी अजून नीट धरली नाही."

सहा महिने तिची काजळी धरतच होती.

आणि एक दिवस धाकटा आला. पायात नवे बूट, बरोबर वीटभट्टीवाला. भट्टीवाल्याने कालव्याकडच्या तुकड्यातलं ढेकूळ उचललं, बोटांनी चुरगाळलं, थुंकी लावून मळलं. "झकास माती," म्हणाला. मी ओट्यावर बसलेली असताना माझ्या डोक्यावरून सौदा झाला. तुकडा भट्टीला विकायचा. ते पुरुषभर खोल खणणार. माती वाहायला ट्रॅक्टर थोरल्याचा, म्हणून थोरलाही लोण्यासारखा मऊ.

"आणि धाकटीचं काय?" मी विचारलं.

धाकटा म्हणाला, "तिचा काय संबंध? जमीन माझ्या नावावर आहे."

थोरला म्हणाला, "राहील की घरात. भांडी घासेल, दोन घास खाईल."

धाकटी गोठ्याच्या दारात उभी होती. पोरीला तिने पाठीमागे घेतलं होतं, कोणी दगड मारणार असल्यासारखं.

मी तिची कैवारी नव्हे. तिला नऊ वर्षं टोचून बोललेय मी. पण त्या तुकड्यातले दगड मी वेचलेत, सासऱ्यांच्या काळापासून, नखं जाईपर्यंत. आणि हे दोघे माझ्या पोटचे, मला विचारायची गरजसुद्धा वाटली नाही यांना? मी चपला घातल्या आणि थेट नळभाऊचं हापिस गाठलं. खानावळीच्या माडीवर एक खोली, कागदांनी भरलेली, फोडणीच्या वासाने कोंदलेली.

सगळं ऐकून तो ताडकन उठला. "आजी, कायदा तिच्या बाजूने आहे. वेगळी चूल मांडून जी बाई जमीन कसते, तिच्या सहीशिवाय ती जमीन विकता येत नाही."

"मग चल, सांग तसं चारचौघांत."

तो परत बसला. "तिथंच अडचण आहे. संशोधनात दिलेली माहिती गुप्त ठेवायची असते. तुमच्या सूनबाई माझ्या पुस्तकात 'बाई क्रमांक सतरा' आहेत."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "बाई क्रमांक सतरा! अरे बाबा, तिच्या चुलीपुढे बसून तिचं रडगाणं भरभरून लिहून घेतलंस. आता ती पोरीला घेऊन रस्त्यावर आली की तेही लिही! पुस्तक जाड होईल तुझं."

"आजी, नियम असतो…"

"तांबडी वही ठेव इथंच, कुलूप घाल तिला. हिरवी गुप्त आहे का?"

"नाही. ती नळाची. कोणीही बघू शकतं."

"मग संशोधन करणारा घरी झोपू दे. नळवाला चल माझ्याबरोबर."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. असा माणूस विचार करतो की नुसता चष्मा पुसतो, सांगता येत नाही. पण हिरवी वही घेऊन उठला.

दोन दिवसांनी शाळेच्या व्हरांड्यात जमिनीच्या कचेरीतला कारकून विक्रीची नोंद करायला बसला. सगळा गाव जमला, फुकटचा तमाशा कोण सोडतो? नळभाऊने हिरवी वही उघडून मोठ्याने वाचलं, थोरल्याच्या सहीसकट.

थोरला उसळला. "ती चूल खोटी आहे! नळासाठी मांडली होती. आईनेच सांगितलं होतं!"

तो आयुष्यात एकदाच खरं बोलला आणि तेही नको तिथं.

नळभाऊने वही मिटली. "खोटी असेल तर नळ काढावा लागेल," तो हळूच म्हणाला. "आणि एक खोटी निघाली, तर गावातल्या सगळ्याच चुली पुन्हा तपासाव्या लागतील." हे तो भोळेपणाने बोलला की बेरकीपणाने, मला अजून उमगलेलं नाही.

व्हरांड्यात लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग न्हावी उठला. "खोटी कशी असेल? मी स्वतः तिथला चहा प्यालोय!"

त्याची बायको, कागदावर वेगळी राहणारी, त्याच्याच शेजारी बसून म्हणाली, "रोज धूर माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येतो!"

लोहाराचे भाऊ दहा वर्षांत पहिल्यांदा एका आवाजात बोलले, "चूल खरी आहे!" पाठोपाठ दूधवाला, शिंपी, वाणी, सगळे. गावातले एकूण एक लबाड त्या चुलीच्या खरेपणाची शपथ घ्यायला उभे राहिले.

कारकुनाने माझ्याकडे बोट केलं. "आजीबाई, तुम्ही सांगा."

"चूल मी मांडली," मी म्हटलं. "खोटी म्हणूनच मांडली. पण त्या दिवसापासून ती तिथंच शिजवते. थोरल्या, सात महिन्यांत तुझ्या ताटात तिच्या हातचं काय पडलं, सांग बघू."

थोरला थोरलीकडे बघायला लागला.

कारकुनाने धाकटीला विचारलं, "विकायला तुमची सही आहे?"

"नाही," ती म्हणाली. एवढंच. पण असं म्हणाली की व्हरांड्यातल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं.

भट्टीवाल्याने हात झटकले आणि दुसरं गाव बघायला गेला. धाकटा त्याच पावली शहराच्या बसला लटकला. पोरीकडे वळूनही बघितलं नाही त्याने. माझ्या पोटचा आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

थोरल्याने जाता जाता सगळ्यांदेखत मला सुनावलं, "आता माझ्या ताटाला यायचं नाही!" थोरलीने त्याच्यामागून नाक मुरडलं.

लोक पांगले. नळभाऊ हिरवी वही घेऊन माझ्यापुढे उभा. "आजी, नोंद दुरुस्त करतोय. तुम्हाला कोणत्या चुलीवर लिहू?"

माझ्या जिभेला कधी हाड नव्हतं, सगळा गाव सांगेल. पण त्या वेळी मी नुसता पदर सारखा केला.

"माझ्या चुलीवर लिहा," धाकटी मागून म्हणाली. मग माझ्याजवळ येऊन, फक्त मला ऐकू जाईल असं, "पण मीठ कमी पडलं तर कमी पडलं असं म्हणायचं नाही, सासूबाई."

दिवस मावळताना गोठ्यात पाट मांडला. गायी रवंथ करत माझ्याकडे बघत होत्या. धाकटीने वाढलं आणि पाठ फिरवून चूल फुंकायला बसली. मी घास घेतला. मीठ कमी नव्हतं, मुळात घातलंच नव्हतं. पोरगी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

मी ताट पुढे केलं आणि म्हटलं, "वाढ अजून."