बैठे काम

अमिषाच्या आईचे, कमळचे, वजन चौऱ्याहत्तर किलो होते. ते सदुसष्टवर आल्याशिवाय तिची किडनी अमिषाला बसवता येणार नाही, असे मुंबईच्या रुग्णालयाने एका छापील कागदावर कळवले. मांडव्याच्या लाँचमध्ये अमिषाने तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. कमळने तो वाचला नाही. तिला एवढेच कळले होते की आपल्याजवळ जे आहे ते द्यायचे आहे, पण त्याआधी स्वतः थोडे कमी व्हायचे आहे. यात तिला नवल वाटले नाही.

दाता कोण, हा प्रश्न घरात फार वेळ चालला नव्हता. वडील बुधाजी यांना साखर होती, म्हणून ते बाद. धाकटा भाऊ प्रज्योत चोवीस वर्षांचा, रक्तगट जुळणारा, अलिबागच्या जिममध्ये रोज पाऊण तास लोखंड उचलणारा. त्याचे नाव कोणी काढले नाही, आणि न काढण्याचा ठरावही कोणी केला नाही. काही गोष्टी इतक्या सर्वमान्य असतात की त्या मांडाव्याही लागत नाहीत. कमळ म्हणाली, "मी हाय ना," आणि भात उतरवायला उठली.

अमिषा महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत असे. तिच्या प्रबंधाचा विषय होता स्त्रियांचे बिनमोबदला श्रम आणि राष्ट्रीय उत्पन्नातून होणारी त्यांची गळती. परीक्षकांनी तो उभे राहून वाखाणला होता. त्यानंतर वर्षभरात तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, आणि आता चौदा महिने ती आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीत पडून असे. हल्ली तिला फारसे काही वाटत नसे. राग यायलासुद्धा रक्त जरा स्वच्छ लागत असावे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, त्याच खुर्चीत, उजव्या हाताने फोन धरून तिने एका ॲपमध्ये आईच्या आहाराचे गणित मांडायला घेतले. कमळ शेजारच्या स्टुलावर बसली होती.

"वय किती लिहू, आई?"

"तूच लिव. तुला ठावं हाय."

"एक्कावन्न. उंची कागदावर आहे. दीडशे सेंटिमीटर. आता सांग, काम काय करतेस? चार प्रकार आहेत. बैठे काम, हलके, मध्यम, कष्टाचे."

"मी काय करतंय? घरीच तं असतंय."

अमिषाने 'बैठे काम' यावर बोट ठेवले.

सूत्र साधे होते. कमळचे शरीर नुसते जिवंत ठेवायला दिवसाला साडेबाराशेच्या आसपास कॅलरी लागत. बैठ्या कामाबद्दल त्यावर वीस टक्के, म्हणजे पंधराशे. त्यातून तीनशे वजा केल्या की बाराशे उरत. जोडीला रोज पाऊण तास भराभर चालणे. एवढे काटेकोर पाळले तर सात किलो जायला चार महिने लागणार होते. शस्त्रक्रिया एप्रिलमध्ये. अमिषाने ते वहीत लिहिले आणि खाली रेघ मारली.

घरात वजनकाटा आला. भाकरीचा अर्धा तुकडा काट्यावर चढू लागला, भात मोजून पडू लागला. प्रज्योतने जिममधून व्यायामाचे उरलेले ज्ञान आणले. त्याच्या स्वतःच्या ॲपमध्ये त्याने 'कष्टाचे काम' निवडले होते आणि ते त्याला रोज एकोणतीसशे कॅलरी देई. संध्याकाळी कमळ कापडी बूट घालून, फोन पदरात बांधून रेवदंड्याच्या किनाऱ्यावर चालायला जाई. वाळू लागली की बूट काढून हातात घेई.

"बाईसाहेब चालल्या हवा खायला," बुधाजी ओट्यावरून म्हणत.

"हवेच्या कॅलऱ्या न्हाईत," कमळ जाता जाता उत्तर देई.

वाटेत शेजारची कृष्णाबाई विचारी, "कमळे, कोनाच्या शर्यतीन उतरलीस गो?"

"पोरीच्या."

सात आठवड्यांत काटा सदुसष्टवर आला. चार महिन्यांचे काम निम्म्या वेळात. घरात आनंद झाला. बुधाजींनी तो फोनवरून तीन गावांना कळवला. अमिषालाही समाधान वाटले, जेवढे तिला हल्ली वाटू शके तेवढे. उत्तर अंदाजापेक्षा दुप्पट वेगाने आले की चूक मांडणीत शोधावी, असे ती दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवत आली होती. पण उत्तर जेव्हा आपल्या सोयीचे असते, तेव्हा मांडणीकडे मागे वळून पाहणारे विद्वान तिने तरी अजून पाहिले नव्हते.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी अहवाल वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"हिमोग्लोबिन आठ पॉइंट एक. स्नायू झिजलेत. तुम्ही उपास करत होता का?"

"न्हाय हो. पोरीनं मोजून दिलं तेवढं सगळं खाल्लं."

"चक्कर येते?"

कमळने मुलीकडे पाहिले. "येते जराशी. बसलं की जाते."

"काम काय करता तुम्ही?"

"काय न्हाय. घरीच असतंय."

डॉक्टरीणबाईंनी नाडीसाठी तिचा हात हातात घेतला आणि तळवा उलटा केला. "मग हे घट्टे कसले?"

"ते कळश्यांचं. कांद्याला पानी नको घालाया?"

"किती कळश्या?"

"दोन-दोन आनायच्या. चाळीसेक खेपा होत्यात. विहीर लांब हाय ना." ती जरा खजील होऊन हसली. "पहाटंची जातंय. फोन घरीच खुंटीला ठेवतंय, पान्यान पडंल म्हनून."

पांढऱ्या कांद्याचा तो मळा अमिषा जन्मापासून पाहत आली होती. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात तिने तो कोष्टकात बसवला होता: विहिरीचे अंतर, कळशीचे लिटर, दिवसाच्या खेपा, माहिती देणाऱ्या स्त्रीचे नाव गुप्त. त्याच गुप्त स्त्रीला, आईला, तिने ॲपमध्ये खुर्चीत बसवून ठेवले आणि बाराशे कॅलरींवर चाळीस खेपा घालायला लावल्या. वर व्यायाम म्हणून फिरायला धाडले. फोनने चालणे तेवढे मोजले, आणि तिने फोनवर विश्वास ठेवला.

"आता निदान सहा महिने नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यांना आधी भरून यायला हवे. नंतर पुन्हा सगळ्या तपासण्या. घरात दुसरे कोणी आहे का?"

"न्हाय," कमळ घाईने म्हणाली.

परतीच्या लाँचमध्ये अमिषाने गणित नव्याने केले. काम कष्टाचे धरले तर दिवसाला लागत होत्या जवळपास बावीसशे. म्हणजे रोज हजाराची तूट, पन्नास दिवस. गुणाकार बरोबर जुळला. सात किलो नेमके कुठून गेले ते कळले. वर सीगल पक्षी पावाच्या तुकड्यांसाठी लाँचमागे येत होते. कमळ खिडकीला डोके टेकून झोपली होती. हातांत बूट.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमिषाने दोन्ही कळश्या प्रज्योतपुढे ठेवल्या.

"मला जिमला जायचंय, ताई."

"हीच जिम."

"आन् मी काय करू?" कमळने विचारले.

"तू बस. जेव."

कमळ मळ्याच्या बांधावर बसली. मांडीवर ताट होते: दोन भाकऱ्या, वालाची भाजी, तळलेली मांदेली मासळी. घरातले कोणी जेवायचे असताना तिने कधी ताट पुढ्यात घेतले नव्हते. मुलगा राबत असताना तर नाहीच. तिने घास केला आणि तो हातातच धरून ठेवला. बुधाजी लांब उभे राहून आकाश पाहत होते.

अकराव्या खेपेला प्रज्योतने कळश्या वाफ्यात ओतल्या आणि तो खाली बसला. खिशातून फोन काढून त्याने काहीतरी भरले.

"काय लिहितोस?"

"व्यायाम." त्याला धाप लागली होती. "बघ ना, दोनशे चाळीस कॅलरी दाखवतोय. आई, तू हे रोज करतेस?"

"व्यायाम म्हनायचं व्हय याला?" कमळ म्हणाली.

अमिषा त्याच्या शेजारी बसली. तिने आपला फोन उघडला आणि नवे खाते सुरू केले. नावाच्या जागी भावाचे नाव घातले, वयाच्या जागी चोवीस.

"उंची सांग, प्रज्योत. आणि वजन."

"कशाला?"

"रुग्णालयाने विचारलंय, घरात दुसरं कोणी आहे का. मला उत्तर द्यायचंय."

प्रज्योतने आईकडे पाहिले, मग वडिलांकडे. बुधाजींचे आकाश पाहून झाले नव्हते. "अमिषा," कमळ म्हणाली, "त्याचं लगीन..."

"तू जेव, आई."

वाफ्यातले पाणी हळूहळू मुरत होते. प्रज्योतने फोन खिशात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. फोनची काच काळी होऊ लागली तशी अमिषाने ती बोटाने परत उजळवली आणि रिकाम्या चौकटीवर बोट तसेच धरून ठेवले.

बांधावर कमळने हातातला घास तोंडात घातला आणि चावू लागली.

"एकशे बहात्तर," प्रज्योत अखेर म्हणाला. वजन त्याने सांगितले नाही. तो उठला आणि कळश्या घेऊन विहिरीकडे गेला.

अमिषाने उंची भरली. पुढचा प्रश्न होता, काम कोणत्या प्रकारचे. तो पाठमोरा दूर जाईस्तोवर तिने पाहिले, एका सकाळच्या अकरा खेपा हिशेबात धरल्या नाहीत आणि 'बैठे काम' यावर बोट ठेवले.