त्याच पाण्यात

"अगाथा, ती माझ्याकडे आली. एवढ्या माणसांतून माझ्याकडे."

तीस वर्षं झाली, इझिडोरदादाचा तो आवाज कानातून उतरत नाही. खोकून घोगरा झालेला, आणि त्या दिवशी मात्र लहान पोरासारखा हरखलेला.

आमच्या वस्तीच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. तळ्यापलीकडच्या तीन वस्त्या लोटल्या होत्या. टेबलावर पांढरं तसराळं, त्यात पाणी. लिअँडरने मधोमध स्प्रूसच्या झाडाची बोटभर ढलपी ठेवली. वारा नव्हता, कुणी ढकललं नाही, तरी ती सरसर दादाच्या दिशेने गेली आणि काठाला टेकली.

"झाडाने निवडलं," लिअँडर म्हणाला. "याच्या छातीत आता रोग नाही. पण गोऱ्यांच्या गोळ्या आणि आपलं झाड, सवती आहेत या. एका पोटात नांदत नाहीत."

दक्षिणेकडच्या शहरातून तो व्हॅन घेऊन आला होता. 'आपले पूर्वज' हे दोन शब्द सदा तोंडात. कुणाचे, कुठले, असं विचारलं की डोळे मिटायचा. जाताना व्हॅन मूस हरणाच्या वाळवलेल्या मांसाने भरून न्यायचा. आणि दर रोग्यामागे पाणी बदलायला लावायचा. "उष्टं पाणी झाडाला चालत नाही, बाई."

मी तेव्हा दवाखान्यात नर्सच्या हाताखाली होते. दादाला क्षय होता.

"दादा, तुला बरं वाटतंय ते चार महिन्यांच्या गोळ्यांनी. अजून तेवढ्याच घ्यायच्यात."

"तुला मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी बिघडवलंय."

"तुलाही त्यांनीच वाढवलं."

"म्हणून तर," तो हळूच म्हणाला.

म्हणून तर. सहाव्या वर्षी गोऱ्या सरकारने आम्हाला घरातून उचलून त्या शाळेत नेलं होतं. परत आलो तेव्हा आईशी बोलायला आपल्या भाषेतले शब्द उरले नव्हते. आज आपल्याच रानातल्या झाडाने त्याला ओळख दिली होती. माझं तो काय ऐकणार?

आईमागे आम्हाला सांभाळलं फिलोमेनमावशीने. तिच्या बापाने तिला शाळेपासून लपवून शिकारीच्या सापळ्यांच्या वाटेवर, रानात वाढवलं होतं. कापलं-चिरलं की ती स्प्रूसचा डिंक चरबीत वितळवून लावायची. खोकला झाला की कोवळ्या शेंड्यांचा काढा. जखमा भरायच्या, घसा मोकळा व्हायचा. खोटं त्यात काही नव्हतं. त्या दिवशी ती शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसली होती.

दादाने गोळ्या सोडल्या. तळं गोठलं तेव्हा त्याला खोकल्यातून रक्त पडू लागलं. इस्पितळाचं विमान आलं, पण उशिरा. जमीन दगड झाली होती. कबरीचा खड्डा खणण्याआधी दोन दिवस जमिनीवर शेकोटी पेटती ठेवावी लागली. मी लाकडं टाकत होते आणि एकच प्रश्न मला कुरतडत होता: पाणी ताजंच का?

तळ्यावरचा बर्फ फुटल्यावर मी झाडावरचा ताजा डिंक आणला. ढलपीच्या एका टोकाला चोपडला आणि ती परातीत सोडली. धावली. डिंकाचं टोक मागे, कोरडं पुढे. तोंड जिकडे करावं तिकडे जायची. दुसऱ्यांदा, त्याच पाण्यात, हलेना. डिंकातलं तेल पाण्यावर पसरतं आणि पसरता पसरता ढलपीला पुढे रेटतं. एकदा पाण्यावर त्याची साय धरली की रेटणं संपलं. एवढंच. एवढ्यासाठी माझा भाऊ गेला.

मे महिन्यात लिअँडर पुन्हा आला. रांगेत डेल्फिन होती, दोन लेकरांची आई, क्षयाच्या गोळ्यांची बाटली टाकून द्यायला घेऊन आलेली. तिच्या आधीच्या माणसाचं झालं आणि तसराळं उचललं जाऊ लागलं. मी त्यावर हात ठेवला.

"हिचं याच पाण्यात करा."

"झाड रागावेल, बाई."

"माझा भाऊ नेला. आणखी काय रागावणार?"

लोक बघत होते. त्याने ढलपी सोडली. ती पडून राहिली. त्याने मंत्र म्हटला, मग जरा मोठ्याने म्हटला. ढलपी पडूनच. मग मी ताजं पाणी ओतलं आणि माझी ढलपी शेगडीकडे पाठवली. दुसरं पाणी घेऊन दाराशी झोपलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याकडे पाठवली.

"झाला म्हातारा बरा," मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

"डिंक जखमेला लावा," मी म्हणाले, "काढा प्या, तो आपला आहे. पण क्षय गोळ्यांनी मरतो, तोही शेवटची गोळी पोटात जाईपर्यंत घेतल्या तरच. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर म्हणा, पुन्हा दाखव, आम्ही सांगू तसा."

डेल्फिनने बाटली कोटाच्या खिशात ठेवली.

बाहेर पायरीवर मावशी बसली होती. मी शेजारी बसले. ती तळ्याकडे बघत होती.

"डिंकाच्या असल्या होड्या आम्ही पोरी डबक्यात सोडायचो," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी मी ओळखलं होतं."

मी तिच्याकडे वळले.

"तुम्ही सगळी शाळेतून रिकाम्या हातांनी आलात. त्या दिवशी तुमच्या तोंडावर जे उजाडलं होतं, ते माझ्याने विझवेना. त्याच रात्री इझिडोर विचारायला आला होता, मावशी, गोळ्या सोडू ना? मी नको म्हटलं नाही, अगाथा. मी काढा ओतून दिला."