पाय आपटून मारलेली हाक

मी एक प्रश्नावली बोलतेय. चार पानं, बेचाळीस प्रश्न आणि प्रत्येकापुढे 'हो', 'नाही' अशा दोन चौकटी. ज्यांच्या लहान मुलांना ऐकू कमी येतं, त्या आईबापांच्या हाती मला देतात. कान तपासणीच्या केंद्रात तासाभरात जे दिसत नाही ते घरी दिसतं, म्हणून. झेरॉक्सची झेरॉक्स होऊन माझी अक्षरं पुसट झाली आहेत. थकलेय मी आता.

कुणी मला बसच्या रांगेत भरतं, कुणी केंद्राच्या दारात उभ्या उभ्या. वडील बहुतेक सहीपुरते येतात. आणि प्रत्येकाला आपलं मूल पास व्हायला हवं असतं. ही परीक्षा नाही, असं माझ्या डोक्यावरच छापलंय, पण ते वाचतो कोण?

या खेपेला मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरी गेले. तिची मुलगी तीन वर्षांची, घरात तिला भिंगरी म्हणतात. सातवा प्रश्न होता, मागून हाक मारल्यावर वळून बघते का? आईने आधी पेन्सिलीने 'नाही'वर खूण केली. आजी म्हणाली, वळते की, रोज वळते. मग खोडरबराने माझी सालं काढून 'हो' झालं.

केंद्रातल्या तपासणाऱ्या ताई त्या खोडून केलेल्या 'हो'पाशी अडल्या. भिंगरीच्या कानातलं यंत्र पुरतंय की बदलायला हवं, ते त्यावरही ठरणार होतं. "घरी मारता तशीच हाक मारून दाखवा," त्या म्हणाल्या.

आई मुलीच्या मागे गेली. आधी तिथल्या लाकडी जमिनीवर पाय आपटला, मग हाक मारली. भिंगरी वळून हसली. ताईंनी पाय न हलवता पुन्हा हाक मारायला सांगितलं. आईने दोनदा मारली, दुसऱ्यांदा चांगली मोठ्याने. मुलगी ठोकळे रचत राहिली.

"आमचीही जमीन अशीच लाकडी आहे," आई हळूच म्हणाली. "सगळेच पाय आपटतो. कधीपासून, ते आठवतही नाही." मग तिने विचारलं, "म्हणजे माझा आवाज तिने ऐकलाच नाहीये?"

"तिला जमिनीचा हादरा कळतो. आवाज या यंत्रातून तरी पोचत नसावा," ताई म्हणाल्या. "तुम्ही करून दाखवलंत म्हणून कळलं. आता यंत्र पुन्हा तपासू."

आईने पेन मागून घेतलं आणि माझ्या कडेला लिहिलं, 'पाय आपटला की वळते. नुसत्या हाकेला नाही.' इतकं खरं माझ्यावर फार थोड्यांनी लिहिलंय.

आता मी फायलीत पडून राहीन, त्याचं मला काही नाही. आईबापांनो, 'नाही' लिहिताना हात जड होतो, मला ठाऊक आहे. तरी लिहा. त्या पोरीला अजून आईचा आवाज ऐकायचाय.