दोन हातांचं मतदान

“इतिहास आज या सभागृहाकडे श्वास रोखून पाहतो आहे!” कॅप्टन गरजले.

“इतिहासाला म्हणावं जरा थांब, बाबा. अंगठा राहिलाय,” मुलगी म्हणाली आणि नेलकटर कट्‌कन वाजले.

कॅप्टन स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते. मांडीवर शिळे वर्तमानपत्र, डाव्या हातात भाषणाचा कागद आणि उजवा हात मुलीच्या ताब्यात. लढाईत खांद्यापाशी तोफगोळ्याची कपची शिरली होती. तेव्हापासून हा उजवा हात लांबच्या पाहुण्यासारखा त्यांच्याबरोबर राहत होता. जेवायला हजर, कामाला नाही. ‘हा हात मी देशाला दिला’ हे वाक्य त्यांच्या प्रत्येक भाषणात असे. देशाने तो कधी नेला नव्हता, तरी टाळ्या मिळत.

तसे ते कॅप्टनही नव्हते. सैन्यात ते हवालदार होते. पण पोस्टरवर ‘हवालदार’ वाचले की लोकांना चौकातला पोलीस आठवतो, असे पक्षाला वाटले आणि निवडणुकीच्या तोंडावर, एकही गोळी न झाडता, त्यांना बढती मिळाली.

“अगं बाई! लागलं का?” नखाच्या कडेला रक्ताचा थेंब आला होता.

“मला काय विचारतेस? त्याला विचार,” कॅप्टन हाताकडे बघून म्हणाले. घरातला हा जुना विनोद. एरवी ती हसली असती. आज तिने नुसतीच औषधाची पट्टी काढली आणि अंगठ्याला गुंडाळू लागली.

“पोराचा फोन होता सकाळी. त्यांच्या तुकडीची बांधाबांध चाललीय. आज युद्धाचा ठराव झाला की सरहद्दीपलीकडे आधी त्यांनाच धाडणार.”

“हं.”

“खुशीत होता. म्हणाला, आजोबांचं भाषण अख्खी बराक बघणार टीव्हीवर.”

“हं.”

“बाबा, तुमचं काय मत आहे?”

“पक्षाचं ठरलंय. ठरावाच्या बाजूने.”

“पक्षाचं मी पेपरात वाचलं. तुमचं विचारतेय.”

कॅप्टनांनी खिशात किल्ली चाचपावी तसे स्वतःला चाचपून पाहिले. हाती काही लागले नाही. ती कपची नुसत्या हातावर थांबली नसावी, अशी शंका त्यांना अधूनमधून येई. पण डॉक्टरांना असले काही विचारायचे कसे, आणि विचारले तर ते कुठला एक्स-रे काढणार?

“चहा ठेवतेस का?” ते म्हणाले.

तिने चहा ठेवला. पुन्हा काही विचारले नाही. भांडीसुद्धा आपटली नाहीत.

भाषण झकास झाले. इतिहासाने श्वास रोखला. मागच्या बाकावरच्या दोन सदस्यांनी मात्र तो घोरत सोडला. ‘हा हात मी देशाला दिला’ हे वाक्य आले, तसे शेजारी बसलेल्या प्रतोदांनी सवयीने तो हात मनगटाला धरून कॅमेऱ्यांना दिसेल इतका वर केला. बाके दणाणली. पक्षाचे एकही मत इकडेतिकडे होऊ नये हे बघणे प्रतोदांचे काम. हात वर करणे हे त्यांनी प्रेमापोटी अंगावर घेतले होते. बाके थांबल्यावर त्यांनी तो नीट खाली ठेवला आणि बाहीची सुरकुती काढली.

मग दारे लागली आणि मतदानाची घंटा सुरू झाली.

इथे मत द्यायला दोन हात लागत. एका हाताने खालची कळ दाबून धरायची, दुसऱ्याने ‘होय’ किंवा ‘नाही’ दाबायचे. आपल्याबरोबर शेजाऱ्याचेही मत कोणी उरकू नये म्हणून ही व्यवस्था फार विचारपूर्वक केलेली होती. कॅप्टन निवडून आले त्या पहिल्याच अधिवेशनात प्रतोदांनी आपले मत झटपट दिले आणि कॅप्टनांचे बोट उचलून ‘होय’वर दाबले. तेव्हा ती मदत होती, पुढे पद्धत पडली. माणूस भला. दरवेळी विचारी, “जोरात नाही ना दाबलं?” धरणे, कर, शाळा, तुरुंग, कितीतरी कायदे त्या बोटाने केले होते आणि बोटाला एकाचाही पत्ता नव्हता.

आजही प्रतोदांचा हात आला. कॅप्टन बघत राहिले. अंगठ्यावरच्या पट्टीतून लाल ठिपका वर आला होता. प्रतोद बोट कळीकडे नेताना नेमका तोच अंगठा दाबून धरत होते, आणि ठिपका पसरत होता. दुखत नव्हते. अजिबात दुखत नव्हते.

कॅप्टनांनी डाव्या हाताने खालची कळ सोडली आणि उसनी दिलेली वस्तू परत आणावी तसा आपला उजवा हात उचलून मांडीवर ठेवला.

“काका, अहो काय करताय? घंटा संपतेय!”

“संपू दे.”

घंटा संपली. फलकावर दिवे लागले. ठराव दणदणीत मंजूर होता. एकच चौकोन काळा.

“कॅप्टनसाहेब,” अध्यक्ष म्हणाले, “आपलं मत उमटलेलं नाही. यंत्र बिघडलंय का?”

“यंत्राला काही झालेलं नाही, अध्यक्ष महोदय. मला चिठ्ठी द्या.”

यंत्रावर मत उमटले नाही तर ते चिठ्ठीवर लिहून द्यायची सोय होती. शिपाई चिठ्ठी घेऊन आला. कॅमेरे वळले. प्रतोदांनी तोंडावर हात धरला.

“काका, तिकीट जाईल हो तुमचं. ठराव तर झालाच मंजूर. आता कशाला?”

“झालाय ना? मग तुम्ही कशाला घाबरता?”

कॅप्टनांनी दातांनी पेनाचे टोपण काढले आणि डाव्या हाताने लिहायला घेतले. ‘न’ उमटला. प्रतोदांचा चेहरा पडला. पुढच्या अक्षराला गुळगुळीत लाकडावर चिठ्ठी सरकली. कॅप्टनांनी पेन ठेवून ती जागेवर आणली, पेन उचलले. चिठ्ठी पुन्हा सरकली.

“जरा हा कागद धरता का?” कॅप्टन प्रतोदांना म्हणाले. “सरकतोय.”