करडईचे तेल प्यालेली पट्टी

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीच्या मागच्या डाव्या दाराची रबरी पट्टी आहे. दार उघडले की चौकटीच्या कडेकडेने काळी, पोकळ नळी फिरलेली दिसते ना, ती मी. माझ्याकडे कुणी मुद्दाम बघत नाही. खरे सांगायचे तर कुणी बघू नये असेच मला बरीच वर्षे वाटत आले आहे. माझी गोष्ट सांगायची म्हणजे एका बाईच्या डोळ्याची गोष्ट सांगावी लागते, आणि तिथे आले की मला मान वर करवत नाही. मला मान नाही, हे खरे. पण शरमेला मान लागतेच असे नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यातून मी बाहेर पडले तेव्हा अंगाला गंधकाचा असा वास होता की माझ्या शेजारी बसून कुणी डबा उघडेना. मग मला मोटारीत बसवले आणि मोटार नांदेडला वकील आप्पासाहेबांच्या दारी आली. आप्पासाहेबांची दार लावायची एक रीत होती. आपटायचे नाही, तळव्याने दाबायचे. 'थप्प' असा बारीक आवाज व्हायचा. पाहुण्यांना ते मुद्दाम आत बसवत, दार लावत आणि विचारत, आता बाहेरचा टांगा ऐकू येतो का? पाहुणे म्हणत, नाही. मी फुगून जात असे. पाऊस अडवायचा, धूळ अडवायची, वारा अडवायचा, एवढेच माझे काम, आणि ते मी चोख करत होते.

पुढे वकीलसाहेब थकले. मोटार पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. दोन उन्हाळे, तीन उन्हाळे. माणसाला कुणी विसरले तर तो रुसतो. आम्ही रबराच्या जातीचे लोक कडक होतो. माझ्या अंगाला बारीक चिरा पडल्या.

तेवढ्यात लातूर जिल्हा झाला. तोवर चाकूरकडच्या माणसांना एका कागदासाठी उस्मानाबादेला जावे लागे. आता ज्याला त्याला लातूरला काम निघू लागले. चाकूरजवळच्या एका वाडीतला ग्यानोबा तोवर दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवत होता. त्याने आमची मोटार घेतली आणि भाड्याने फिरवू लागला. नवऱ्या, आजारी माणसे, तारखेला निघालेले भाऊबंद, सगळे आमच्यात बसून लातूर बघून आले.

ग्यानोबाने माझ्या चिरा पाहिल्या आणि त्याला माझी कीव आली. इथेच चूक झाली, मित्रांनो, आणि ती मायेने झाली. ग्यानोबाच्या वडिलांच्या विहिरीवर चामड्याची मोट होती. मोट वाळली, चिरली, की तिला करडईचे तेल पाजायचे, हे तो लहानपणापासून बघत आला होता. चामडे काय नि रबर काय, वाळलेल्याला तेल हेच औषध, असे त्याने धरले. दर अमावस्येला गाडी धुवायची, पुढे लिंबू-मिरची बांधायची आणि जुन्या धोतराच्या बोळ्याने मला करडईचे तेल चोळायचे, असा नेम सुरू झाला.

आता माझे ऐका. मला ते तेल आवडले. मी घटाघटा प्याले. अंग मऊ झाले, चिरा बुजल्या, मी काळीभोर चमकू लागले. वाडीतले लोक म्हणत, ग्यानबा, गाडी नवी दिसून राहिली की. तो हसे, मीही मनात हसे. आतून मी सुजत होते, भुसभुशीत होत होते, चौकटीला धरून ठेवणाऱ्या सोल्युशनपासून सुटत होते. हे मला कळत होते. पण कौतुक चालू असताना कुणाला आपली सूज दिसते?

एकदा लातूरच्या गॅरेजात शिवलिंग मिस्त्रीने मला अंगठ्याने दाबले. अंगठ्याचा ठसा तसाच राहिला.

"ह्याला तेल कुणी पाजलं रे?" तो म्हणाला. "रबराला तेल म्हंजी इख. खाली लोंबायला लागलीय बघ."

गाडीत भाडेकरी बसलेले होते. त्यांच्यासमोर ग्यानोबाला ते लागले. मिस्त्रीपेक्षा माझी गाडी मला ठाऊक, असे काहीतरी बोलून तो निघाला. तेल बंद केले नाही. खालच्या कोपऱ्यात मी सुटून बोटभर फट पडली, तेव्हा त्याने तिथे एक चिंधी कोंबली.

ग्यानोबाची एक थोरली बहीण होती, धुरपताबाई. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्याला वाढवले. नवरा वारल्यावर ती वाडीत भावाच्या शेजारी येऊन राहिली आणि वाकळा शिवू लागली. जुन्या लुगड्यांचे तुकडे ती असे जोडायची की टाके मुंगीच्या ओळीसारखे दिसत. ग्यानोबा तिला आक्का म्हणे. आक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. लातूरला शिबिर भरले तेव्हा तिच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. आठव्या दिवशी ग्यानोबा तिला आणायला गेला. डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड होती. सिस्टरने दोनदा बजावले होते, धूळ लागू देऊ नका, हात लावू नका.

आक्का मागे डावीकडे बसली. माझ्या शेजारी.

ते वर्ष दुष्काळाचे होते. चाकूरच्या पुढे वाडीचा रस्ता कच्चा, आणि त्यावरून दिवसभर पाण्याचे टँकर जाऊन जाऊन माती पिठासारखी झालेली. आमच्या पुढे एक टँकर होता. ग्यानोबा त्याच्या मागेच लागून राहिला. घर जवळ आले होते, त्याला घाई होती. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि ती चिंधी गळून पडली. मग धूळ आत आली. माझ्यातून आली. मी ओठ मिटायचा प्रयत्न केला, पण सुजलेले ओठ मिटत नाहीत. आक्काच्या मांडीवर, पदरावर, झापडीखाली सगळीकडे धूळ. तिचा डोळा खुपू लागला. तिने नकळत पदराचे टोक झापडीखाली घालून पुसले.

चौथ्या दिवशी डोळा लाल झाला. परत लातूर. धुळीनेच झाले की आणखी कशाने, हे डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितले नाही. डोळा मात्र गेला.

बायका विचारायला येत तेव्हा आक्का सगळ्यांना एकच सांगे. माझंच चुकलं, हात लावू नको म्हणले होते आणि मी पदर लावला. ग्यानोबा तिथेच गाडीच्या दाराशी उभा असे. तो काही बोलत नसे. मी तर काय बोलणार? आम्ही दोघे गप्प राहिलो, वर्षभर. तेलाची वाटी बंद झाली. तो माझ्याकडे बघायचेही टाळू लागला, आणि मला ते बरे वाटत असे.

दुसऱ्या वर्षी पुन्हा शिबिर आले. डावा डोळाही आता विझत चालला होता. दारात कोण उभे आहे ते आक्का आवाजावरून ओळखत होती. ऑपरेशन झाले नाही तर पुरता अंधार, हे सगळ्यांना दिसत होते. पण आक्का जायला तयार होईना. जिला आपला हात आवरता येत नाही तिला दुसरा डोळा देऊन काय करायचे, असे ती म्हणे. ग्यानोबाने विनवले, शेजारणींनी समजावले. ती ढिम्म.

नाव घालायचा शेवटचा दिवस उद्यावर आला, तेव्हा दुपारी ग्यानोबा तिला हाताला धरून गाडीपाशी घेऊन आला. आत बसवले, दार लावले आणि स्वतः बाहेर उकिडवा बसला.

"आक्का, दाराच्या खालच्या कोपऱ्यात बोट घाल."

तिने चाचपत घातले. बोट माझ्या बाजूने आरपार बाहेर आले. बाहेर ग्यानोबाने ते धरले.

"हितून आली धूळ," तो म्हणाला. "रबराला तेल म्हंजी इख, असं शिवलिंगनं मला आधीच सांगितलं व्हतं. मी ऐकलं न्हाई. तुज्या पदरानं न्हाई गेला डोळा, आक्का. माज्यानं गेला."

आक्काने बोट काढून घेतले नाही.

"वरीसभर मला ह्या हाताचा राग येऊन राहिला, ग्यानबा," ती म्हणाली. "जेवतानी सुद्धा. आन् तू बघत व्हतास."

माफ केले असे ती म्हणाली नाही. मग दार उघडून खाली उतरली आणि म्हणाली, "काढ ती पट्टी. आन् जा, शिबिरात माजं नाव घाल, नि त्या शिवलिंगला इचारून ये, इख उतरतंय का."

शिवलिंग मिस्त्रीने त्याला चार लोकांत चांगले फैलावर घेतले. ह्या वेळी ग्यानोबा ऐकत उभा राहिला. तसली पट्टी आता नवी मिळत नव्हती, आणि ट्रकची बसवली तर जाड होऊन दारच लागत नव्हते. तेव्हा आहे तीच सुधारायची. मिस्त्रीने रीत सांगितली आणि वर दम दिला की पेट्रोल, रॉकेल, तेल, काही म्हणता काही लावायचे नाही.

कोमट पाणी आणि साबण. टँकरच्या पाण्यातून आक्काने आपल्या अंघोळीची घागर मला दिली. बहीण-भाऊ समोरासमोर बसून मला पुसत होते, पिवळट तेल फडक्याला येत होते, आणि मला वाटत होते, जमीन दुभंगावी. मग सावलीत पाच-सहा दिवस वाळवण. चौकटीवरचे जुने, खडूसारखे झालेले सोल्युशन ग्यानोबाने घासून काढले. फाटला कोपरा सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून जोडला. अंगाला ग्लिसरीनचा नुसता हात, वर शंखजिऱ्याची पूड. पण तेल उतरल्यावर मी चिपाडासारखी चपटी पडले होते. चौकट आणि दार यांच्यामध्ये फुगून बसायचे बळच उरले नव्हते. ग्यानोबा हताश झाला. आक्काने मला हातात घेऊन चाचपले, माझी पोकळी तिला लागली, आणि ती हसली. वर्षभरात पहिल्यांदा. परकरात नाडी ओवतात तशी तिने माझ्यातून पिनेने सुताची जाड दोरी ओवली, वीतवीतभर, चाचपत. मी पुन्हा गोल झाले.

मग परीक्षा. आक्का आत बसली, गाल ओला करून माझ्या कडेकडेने फिरवू लागली. बाहेरून ग्यानोबा सुपाने वारा घालत होता. बिजागरीपाशी ती थांबे. हितं गार लागतंय, म्हणे. पुन्हा काढा, पुन्हा चिकटवा. असे तीनदा झाले. चौथ्यांदा मात्र तिचा ओला गाल कुठेच गार पडला नाही.

ऑपरेशन झाले. परतीच्या वाटेवर पुन्हा तोच कच्चा रस्ता, पुन्हा पुढे टँकर. ग्यानोबाने गाडी बाभळीखाली उभी केली. आक्काने विचारले, का थांबलास? तो म्हणाला, धूळ बसू दे. अर्धा तास आम्ही तिघे तिथे बसून होतो. मग आस्ते निघालो. घरी पोहोचल्यावर आक्काने न सांगता माझ्या खालच्या कडेवरून बोट फिरवले आणि ग्यानोबासमोर धरले. बोटाला काही लागले नव्हते.

दीड महिन्याने तिला जाड भिंगाचा चष्मा मिळाला. त्यातून तिने मला निरखले. मी ठिगळाची, डागाळलेली, कुठे फुगीर कुठे चपटी. "लई भेसूर दिसतीस की गं," ती म्हणाली. मला ते आप्पासाहेबांच्या सगळ्या कौतुकापेक्षा गोड वाटले.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तूंवर माया करा, पण त्यांना काय सोसते ते आधी जाणत्याला विचारा. आणि चुकलात तर ज्याचे नुकसान झाले त्याला लवकर सांगा. तो बिचारा आपल्याच हाताचा राग करत बसलेला असतो. माझी शरम अजून गेलेली नाही. दार जोरात आपटले की ग्यानोबा भाडेकऱ्यांना थांबवतो आणि सगळे सांगतो, ह्या पट्टीनं आणि मी मिळून माझ्या बहिणीचा डोळा घालवला. तेव्हा मला चौकटीत आणखी आत शिरावेसे वाटते.

परवा त्याने हे सांगितले तेव्हा आक्का मागेच बसलेली होती. तिने ऐकून घेतले, चष्मा सारखा केला आणि म्हणाली, "अर्धंच सांगतूस नेहमी. दुसरा डोळा वाचला, ते कोण सांगणार?"