खलफानबाबांचं मनगट

सुहैर जॉर्डनच्या सल्त गावातून ओमानमधल्या आमच्या पुनर्वसन केंद्रात ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून आली, त्याच दिवशी तिच्या दारापुढे नोकरी मागणाऱ्यांची रांग लागली. घोळ दारावरच्या पाटीने घातला. या उपचाराचं अरबी नाव वाचून कुणीही 'नोकरीचा उपचार' असाच अर्थ लावेल. नोंदणीच्या टेबलावर मी बसते, त्यामुळे समजूत काढणं माझ्याकडे आलं.

"झुवैना, सांग गं यांना," सुहैर काकुळतीला आली. "आजारपणानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा आपली आपण करता यावीत, एवढंच मी बघते. नोकरी मलाच आत्ता कुठे लागलीय!"

तिचं जॉर्डनच्या वळणाचं बोलणं टीव्हीच्या मालिकेतल्या नायिकेसारखं. आम्हा ओमानच्या माणसांना ते इतकं गोड वाटलं की नोकरी नाही हे कळल्यावरही अर्धे लोक ऐकत बसून राहिले.

खलफानबाबा मात्र बसायलाच तयार नव्हते. वय एकाहत्तर, बाजारात हलव्याचं नावाजलेलं दुकान, आणि सात महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका. उजव्या हाताने वस्तू धरता यायची, पण मनगट लाकडासारखं. लेक गालिया त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन आली होती. सुहैरने त्यांच्यापुढे रंगीत खुंट्या आणि भोकं पाडलेली फळी ठेवली.

"हे काय?"

"एकेक खुंटी उचलून भोकात बसवायची, बाबा."

"मग?"

"मग काढायची."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "ही पोरगी विमानात बसून एवढ्यासाठी आली?"

दोन आठवडे हेच चाललं. बाबा एक खुंटी बसवायचे, दुसरी नातीसाठी खिशात टाकायचे. शेवटी सुहैरनेच हात टेकले. "आज खुंट्या नकोत. कॉफी पिऊ."

मी थर्मास आणि खजूर घेऊन आले. आमच्याकडे पाहुण्याने कप नुसता पुढे केला, की तो पुन्हा भरायचा. पुरे झालं असेल, तर उजव्या हाताने कप दोनदा हलवून परत द्यायचा; तोंडाने 'नको' म्हणणं बरं दिसत नाही. सुहैरच्या गावीही हीच रीत. बाबांनी कप पुढे केला, मी भरला. पुन्हा केला, पुन्हा भरला. गालिया मागून डोळ्यांनी काहीतरी खुणावत होती, पण माझं लक्ष थर्मासकडे.

सहाव्या कपाला सुहैर कौतुकाने म्हणाली, "बाबांना कॉफी फारच आवडते!"

"आवडते?" बाबा कडाडले. "अगं, दोघी मिळून जीव घेता का माझा?"

मी थर्मास खाली ठेवला. मग बाबा खाली बघत म्हणाले, "हा कप हलत नाही माझ्याच्याने. ईदला गावच्या बैठकीत नऊ कप प्यालो. नऊ! मग वाढणाऱ्याच्या लक्षात आलं. त्याने कप माझ्या हातातून हळूच काढून घेतला. तान्ह्या पोराच्या हातातून काढतात ना, तसा. सगळे बघत होते."

तेव्हापासून बाबा कुणाच्या दारी गेले नव्हते.

सुहैरने फळी उचलून कपाटात टाकली. दुसऱ्या दिवशी टेबलावर एकच गोष्ट होती, कॉफीचा कप, आणि त्यात खजुराची एक बी.

"ही वाजली पाहिजे," ती म्हणाली.

बाबांचं कोपर टेबलावर टेकवून ती रोज त्यांचं मनगट फिरवायची, मग त्यांना फिरवायला लावायची. घाम बाबांना फुटायचा आणि ओठ सुहैर चावायची. एकदा मधल्या सुट्टीत तिच्या आईचा फोन आला.

"काय शिकवतेस गं तिथे?"

"कप हलवायला, आई."

"आणि यासाठी चार वर्षं विद्यापीठात गेलीस?"

एकोणिसाव्या दिवशी बी वाजली. टिक. एवढीशीच. मी टेबल सोडून धावले. बाबांनी आधी पुन्हा एकदा वाजवून खात्री केली आणि मगच हसले.

पुढच्या महिन्यात त्यांच्या थोरल्या नातीचा साखरपुडा होता. आम्हा दोघींना आग्रहाचं बोलावणं. पुरुषांच्या दालनाच्या पडद्याआड आम्ही बायका दाटीवाटीने उभ्या होतो. वरपक्षाचे वडीलधारे ओळीने बसलेले. बाबांनी एक कप घेतला, दुसरा घेतला. मग हात लांब केला, दम धरला आणि कप असा काही हलवला की तो बोटांतून सुटला आणि थेट व्याह्यांच्या मांडीवर जाऊन पडला.

सुहैरने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

बाबा ताठ बसून म्हणाले, "मी बस्स म्हटलं, म्हणजे बस्स!"

सगळ्यात आधी व्याही हसले, आणि मग अख्खं दालन.

दोन दिवसांनी बाबा गालियाच्या पुढे चालत केंद्रात आले, कुणी न ओढता. टेबलावर त्यांनी आपलं डोक्याला गुंडाळायचं लोकरी वस्त्र पसरलं. "आता हे. नऊ महिने झाले, ही गालिया बांधते आणि वाकडं बांधते."

"वाकडं?" गालिया उसळली. "उद्यापासून बोडके फिरा!"

सुहैर त्या नक्षीदार कापडाकडे बघतच राहिली. "बाबा, हे बांधायचं कसं, ते मलाच येत नाही."

बाबांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. "मग बस इथे. आधी तुला शिकवतो."

ती बसली. बाबा दोन्ही हातांनी कापडाची घडी घालू लागले.